पुस्तक पावसाचं, शब्द रोजचे

बोलू न शकणाऱ्या मुलासाठी घरी किंवा शाळेत पहिला चित्रफलक तयार होतो, तेव्हा त्यावर बहुतेक ठिकाणी सारखीच चित्रं येतात: पाणी, दूध, पोळी, केळं, संडास, चेंडू, आई, बाबा. फलकाचा उपयोग होतो. मूल पाण्यावर बोट ठेवतं आणि त्याला पाणी मिळतं. पण दोन घोटांनंतर त्याला ‘बास’ म्हणायचं असतं, पेला जड लागतो म्हणून ‘तू धर’ म्हणायचं असतं, बाहेर काहीतरी धाडकन पडलं म्हणून ‘काय ते?’ असं विचारायचं असतं. त्यासाठी फलकावर एकही चौकोन नसतो. वस्तू मागण्यापलीकडे त्या मुलाला बोलायला जागाच ठेवलेली नसते.

तोंडी बोलणं पुरेसं नसलेल्या किंवा अजिबात नसलेल्या माणसांना संवादाची दुसरी साधनं देणाऱ्या शाखेला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक तिला ‘एएसी’ म्हणतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाउन सिंड्रोम असलेली कितीतरी मुलं आणि पक्षाघातानंतर वाचा गेलेली मोठी माणसं ही साधनं वापरतात. साधन कागदी फलक असू शकतं, चित्रांची वही असू शकते, टॅबलेटवरचं ॲप असू शकतं किंवा नजरेने चालणारं यंत्र. साधन साधं असो की महागडं, त्यावर कोणते शब्द ठेवायचे हा प्रश्न मात्र सगळीकडे सारखाच असतो.

या क्षेत्रातल्या अभ्यासक जॅनिस लाइट यांनी १९८८ साली संवादाचे चार हेतू मांडले: गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक साधणं आणि शिष्टाचार पाळणं. वर सांगितलेला वस्तूंचा फलक यांपैकी पहिलाच हेतू पुरा करतो. बाकीच्या तिन्हींसाठी वेगळ्या प्रकारचे शब्द लागतात, आणि ते शब्द वापरायला निमित्तही वेगळं लागतं. चित्रांचं पुस्तक हे असं निमित्त आहे, कारण पुस्तकासमोर बसल्यावर मागण्यासारखं काही नसतं. तिथे बघायचं असतं आणि बघितलेल्यावर बोलायचं असतं.

गाभ्याचे शब्द आणि विषयाचे शब्द

आपण दिवसभर हजारो शब्द बोलतो, पण त्यातले वेगवेगळे शब्द मोजले तर फार निघत नाहीत. मी, तू, हे, ते, आहे, नाही, दे, घे, जा, ये, आत, वर, अजून, काय, कुठे अशा काही शे शब्दांमधूनच बोलण्याचा साधारण ८० टक्के भाग तयार होतो. एएसीच्या भाषेत हे ‘कोअर वर्ड्स’, म्हणजे गाभ्याचे शब्द. उरलेले ‘फ्रिंज’, म्हणजे त्या त्या विषयापुरते शब्द: छत्री, बेडूक, इंजेक्शन, मोदक. संख्येने हे प्रचंड असतात, पण त्यांतला प्रत्येक शब्द क्वचितच लागतो.

मेहेर बनाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दोन ते तीन वर्षं वयाच्या ५० मुलांचं बोलणं टिपून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या तोंडी सगळ्यात जास्त येणाऱ्या शब्दांच्या यादीत एकही नाम नव्हतं. मी, तू, माझं, हवं, नाही, अजून, हे, ते, आत, बाहेर, काय, संपलं या अर्थाचे शब्द होते. म्हणजे बोलणाऱ्या मुलांना ज्या शब्दांवाचून एक तासही निभत नाही, नेमके तेच न बोलणाऱ्या मुलांच्या फलकावरून आपण गाळत आलो.

याचं कारणही समजण्यासारखं आहे. केळ्याचं चित्र काढता येतं, ‘अजून’चं काढता येत नाही. त्यामुळे गाभ्याच्या शब्दांची चिन्हं मुलाला बघून कळत नाहीत. ती शिकवावी लागतात. आणि शिकवायची म्हणजे कार्ड दाखवून ‘हे अजून, म्हण’ असं घोकून घ्यायची नाहीत. ‘अजून’चा अर्थ ‘अजून’ व्हावंसं वाटण्याच्या क्षणीच कळतो. असे क्षण एकामागून एक, ठरवून आणि पुन्हा पुन्हा घडवून आणण्याची सोय पुस्तकात आहे. दिवसाच्या धावपळीत ‘संपलं’ कधी येईल ते सांगता येत नाही. पुस्तकात ते रोज त्याच पानावर येतं.

एरिक हिल यांचं ‘व्हेअर्ज स्पॉट?’ हे १९८० सालचं पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. स्पॉट या पिल्लाची आई त्याला घरभर शोधते. दारामागे, घड्याळात, पियानोत, पलंगाखाली असा शोध चालतो. प्रत्येक पानावर कागदाची झडप असते. ती उघडली की पिल्लाऐवजी दुसराच प्राणी दिसतो आणि ‘नाही’ म्हणतो. अस्वल, साप, पाणघोडा, सुसर हे त्या पुस्तकापुरते पाहुणे. पण कुठे, आत, खाली, उघड, नाही हे शब्द पानोपानी येतात, आणि पुस्तक मिटल्यावर हरवलेली चप्पल शोधतानाही तेच लागतात. पुस्तक निवडताना किंवा तयार करताना हीच कसोटी लावावी: विषय काढून घेतला तर हातात किती शब्द उरतात?

पावसाचं पुस्तक

जूनमध्ये शाळा सुरू होते आणि बालवाडीपासून सगळीकडे पाऊस हाच विषय असतो. मूल एएसी वापरणारं असेल तर त्याच्या फलकावर लगेच ढग, छत्री, रेनकोट, बेडूक, इंद्रधनुष्य ही चित्रं चढतात. सप्टेंबरात ती उतरतात आणि वर्षभर पुन्हा दिसत नाहीत. मुलाने चार महिने जे कमावलं ते पावसाबरोबर जातं.

त्याऐवजी आधी सहा शब्द ठरवू: बघ, ये, आत, अजून, नको, संपलं. मग त्यांच्याभोवती दहा पानांचं पुस्तक बांधू. पहिल्या पानावर काळे ढग: ‘बघ, ढग आले.’ दुसऱ्यावर सरी: ‘बघ, पाऊस आला.’ तिसऱ्यावर मुलगा डबक्यात उडी मारतो: ‘अजून!’ चौथ्यावर त्याहून मोठी उडी: ‘अजून! अजून!’ पाचव्या पानावर डबक्यात दोन डोळे दिसतात: ‘बघ, आत कोण?’ सहाव्यावर दारात आजी उभी: ‘आत ये.’ सातव्यावर मुलगा मान हलवतो: ‘नको. अजून!’ आठव्यावर आजी टॉवेल घेऊन येते: ‘आत ये.’ नवव्यावर कोरडं आभाळ आणि रिकामं अंगण: ‘संपलं.’ दहाव्यावर भज्यांची बशी: ‘अजून?’

गोष्ट एवढीशीच आहे, पण तिची बांधणी पाहा. ‘अजून’ पाच वेळा येतं, तेही तीन अर्थांनी: उडीचा हट्ट, आजीशी वाद आणि भज्यांचा आग्रह. ‘ये’ ढगांसाठी येतं, पावसासाठी येतं आणि मुलासाठीही. एकच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत भेटला की मूल त्याला एका चित्राशी बांधून ठेवत नाही. शेवटच्या पानावरचा प्रश्न तर मुद्दाम मोकळा सोडलेला आहे. मुलाने ‘अजून’वर बोट ठेवलं, ‘नको’वर ठेवलं की ‘संपलं’वर, तिन्ही उत्तरं बरोबरच.

चित्रांसाठी घरातले फोटो उत्तम. अंगण आपलं, आजी आपली, गमबूटही आपलेच. काढलेली चित्रं हवी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या व्यासपीठावर मराठी पुस्तकं आणि चित्रं खुल्या परवान्याने मिळतात. गाभ्याच्या शब्दांची चिन्हं स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने विकसित केलेल्या आरासाक संग्रहात मोफत आहेत; अव्यावसायिक कामासाठी ती छापून वापरता येतात. पानं पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेट करावीत. ज्यांची बोटं नीट वळत नाहीत त्यांच्यासाठी प्रत्येक पानाच्या कडेला आइस्क्रीमची काडी बाहेर काढून चिकटवावी किंवा पानांमध्ये स्पंजचे तुकडे लावावेत, म्हणजे पान स्वतः उलटता येतं. पान उलटणं हीसुद्धा वाचनातली भागीदारी आहे.

प्रत्येक पानाखाली त्या पानाचं चिन्ह छापण्याचा मोह होतो. छापायला हरकत नाही, पण मुलाचा रोजचा फलक किंवा टॅबलेट शेजारी उघडा हवाच. पुस्तकातलं चिन्ह पुस्तकातच राहतं. फलकावरचं मुलाबरोबर जेवणाच्या ताटापर्यंत जातं. फलकावर त्या चिन्हाची जागाही बदलू नये. मिठाचा डबा रोज निराळ्या फळीवर ठेवला तर सराईत हातही चाचपडतो, तसंच इथे होतं. छत्री आणि बेडकासाठी बाजूला एक सुटी पट्टी करावी. पावसाळा संपला की पट्टी बदलते, गाभ्याचा फलक बदलत नाही.

वाचायचं कसं

पुस्तक वाचताना मोठ्या माणसाने बोलावं आणि बोलता बोलता फलकावरच्या चिन्हाला बोट लावावं. यालाच मॉडेलिंग म्हणतात. ‘अरे बापरे, केवढा पाऊस आला बघ!’ हे वाक्य तोंडाने पूर्ण म्हणायचं. बोट मात्र ‘ये’ आणि ‘बघ’ एवढ्यावरच ठेवायचं. मूल अजून एकही चिन्ह वापरत नसेल तर एका शब्दाला बोट लावावं, एक वापरत असेल तर दोनांना. मुलाने तसंच करून दाखवावं अशी अट नाही. बोलणारं मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर आपलं बोलणं ऐकत असतं. तेव्हा त्याच्याकडून कुणी पाठ म्हणून घेत नाही.

एएसीच्या प्रशिक्षणांत एक हिशेब नेहमी सांगितला जातो. बाळ दिवसाचे आठ तास भाषा ऐकतं असं धरलं तर दीड वर्षात ते ४३८० तास होतात. चिन्हांची भाषा मात्र मुलाला आठवड्यातून दोनदा, थेरपीच्या अर्ध्या अर्ध्या तासातच बघायला मिळाली, तर तेवढ्या तासांना ८४ वर्षं लागतील. म्हणून हे काम थेरपिस्टच्या खोलीत भागत नाही. घरातल्या आजी-आजोबांनी, ताई-दादांनी, अंगणवाडीच्या बाईंनी चिन्हाला बोट लावायला शिकावं लागतं, आणि पुस्तक वाचून दाखवणं हे त्या सगळ्यांना जमणारं काम आहे.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या साक्षरता आणि अपंगत्व अभ्यास केंद्राने ३६ गाभ्याच्या शब्दांचा एक संच तयार केला आहे. याच केंद्राने एकत्र वाचनासाठी तीन पायऱ्या सुचवल्या आहेत. आधी स्वतः पानावर काहीतरी बोला आणि थांबा. मग मुलाला सहभागी व्हायला सुचवा आणि पुन्हा थांबा. मग त्याने जे काही केलं असेल त्यात भर घालून उत्तर द्या. यातलं थांबणं सगळ्यात अवघड. शांतता आपल्याला सोसत नाही. दोन सेकंदांत आपण उत्तर सांगून मोकळे होतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला मात्र हात उचलून चौकोनापर्यंत न्यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजावं, आणि तेवढा वेळ मुलाकडे नुसतं उत्सुकतेने बघावं.

परीक्षा घेणं टाळावं. ‘बेडूक कुठाय? दाखव बघू. छत्री कुठली? शाब्बास!’ यात संवाद नसतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि मुलालाही ते माहीत असतं. त्यापेक्षा ‘मला नाही आवडत भिजायला. नको!’ असं म्हणून ‘नको’ला बोट लावावं आणि मूल काय म्हणतं ते बघावं. मुलाने दुसऱ्याच पानावर ‘संपलं’ला हात लावला तर पुस्तक खरंच बाजूला ठेवावं. आपल्या शब्दाने घटना बदलते हे ज्याला दिसलं, ते मूल तो शब्द पुन्हा वापरतं. मुलाचा हात चुकून ‘आत’वर पडला असं वाटलं तरी ‘हो, बेडूक आत बसलाय’ असं उत्तर द्यावं. पुढच्या वेळी तो हात चुकून पडणार नाही. आणि मुलाने बाईंना ‘थांब’ म्हटलं तर तो उद्धटपणा समजू नये. आदरार्थी रूपं पुढे येतील. आज त्याने मोठ्या माणसाला थांबवलं, हे महत्त्वाचं.

ज्या मुलाला बोट लावता येत नाही, त्याच्यासाठी वाचणाऱ्याने एकेका चिन्हावर बोट ठेवत जावं आणि मुलाने नजरेने, मान हलवून किंवा आवाज काढून ‘हेच’ असं सांगावं. वेळ लागतो, पण शब्द निवडतं ते मूलच.

मराठीची घडण

इंग्रजीतल्या याद्या आणि फलक उचलून मराठीत आणले की अडचणी सुरू होतात. चिन्हांच्या फलकाची इंग्रजी मांडणी बऱ्याचदा एडिथ फिट्झगेराल्ड यांच्या पद्धतीवर बेतलेली असते. कर्णबधिर मुलांना वाक्यरचना शिकवण्यासाठी त्यांनी ती १९२६ साली पुस्तकरूपाने मांडली. डावीकडे कर्ता, मग क्रियापद, मग वस्तू अशा क्रमाने शब्द येतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मला छत्री हवी’, ‘बाबा बाहेर गेले’ ही वाक्यं डावीकडून उजवीकडे बोट फिरवत म्हणायची तर माणसं डावीकडे, वस्तू आणि जागा मध्ये, क्रिया आणि हवं-नको उजवीकडे अशी मांडणी सोयीची पडते.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत आत, वर, खाली या अर्थाचे शब्द सुटे असतात. मराठीत ते बऱ्याचदा नामाला चिकटतात. ‘डबक्यात बेडूक आहे’ यातला ‘त’ फलकावर ठेवता येत नाही. पण तोच अर्थ सुटा करून सांगण्याची सोय मराठीतच आहे: ‘बघ, आत बेडूक!’ पुस्तकातलं वाक्य लिहितानाच अशी रचना निवडली की गाभ्याचा शब्द मोकळा राहतो आणि कानावर ठसठशीत पडतो.

तिसरी अडचण रूपांची. हवा, हवी, हवं, हवेत अशी चार चिन्हं केली तर फलक भरून जाईल. चिन्ह ‘हवं’चं एकच ठेवावं आणि वाचणाऱ्याने तोंडाने योग्य रूप म्हणावं. मूल ‘मी – छत्री – हवं’ असं दाखवेल, तेव्हा ‘हो, तुला छत्री हवी’ असं म्हणून परत करावं. व्याकरण त्याच्या कानावर पडत राहतं आणि त्याचं म्हणणं मोडलं जात नाही. क्रियापदांचंही तसंच. ‘ये’ या एका चौकोनातून आला, आली, आले, येतो, येऊ सगळं बोलता येतं. मराठीची बरीच आज्ञार्थी रूपं एका-दोन अक्षरांची आहेत: ये, जा, दे, घे, कर, बघ. लहान मूल ती दिवसभर ऐकत असतं, म्हणून पहिल्या फलकासाठी तीच बरी.

यादीसाठी दूर जायलाही नको. घरातलं किंवा शेजारचं तीनेक वर्षांचं मूल खेळताना त्याचं बोलणं ऐकावं आणि जे शब्द वारंवार येतील ते लिहून काढावेत. ‘हे बघ’, ‘मला दे’, ‘तू नको’, ‘माझं आहे’, ‘परत कर’, ‘कुठे गेलं?’ यांतून गाभा आपोआप हाती येतो, आणि तो त्या घरच्या बोलीतला असतो. घरात ‘अजून’ऐवजी ‘आणखी’ म्हणत असतील किंवा ‘हवं’ऐवजी ‘पाहिजे’, तर फलकावरही तेच हवं.

पुस्तक मिटल्यावर

चित्रं आणि यंत्र हाती दिलं तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल, अशी भीती पालकांना असते. डायान मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी २००६ साली तोवरचे अभ्यास तपासून याचं उत्तर दिलं. काटेकोर पुरावा उपलब्ध असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालेलं नव्हतं. ८९ टक्के जणांचं बोलणं थोडंफार वाढलं होतं. ही वाढ मोठी नव्हती, पण भीतीला आधार नाही एवढं त्यातून दिसलं.

साधनं महाग असतात म्हणून थांबायचंही कारण नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन शाळेत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालतं. त्याच्या कडेला आवडतं-नावडतं, हो-नाही, जास्त-कमी या अर्थांची सहा बटणं कायम असतात. म्हणजे गाभ्याचा विचार त्यातही आहे. ज्यांच्याकडे टॅबलेट नाही त्यांचा कागदी फलक तेवढाच खरा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश केला आहे. कलम १७ प्रमाणे, वाचा किंवा भाषेची अडचण असलेल्या व्यक्तींसाठी अशा पद्धतींच्या वापराला चालना देणं ही शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. मुलाचा फलक वर्गात आणू द्या, अशी विनंती करताना पालकांनी हे कलम लक्षात ठेवावं.

पुस्तक एकदाच वाचून उपयोग नाही. तेच पुस्तक आठवडाभर, पंधरवडाभर वाचावं. सुरुवातीला मोठ्या माणसानेच बोट लावावं, पुढे ‘अजून!’ आलं की थांबावं आणि ती जागा मुलासाठी सोडावी. त्याच सहा शब्दांना दिवसातल्या इतर वेळीही बोट लागलं पाहिजे: आंघोळीला ‘अजून पाणी?’, रिक्षा आली की ‘बघ, आली’, औषध समोर आलं की ‘नको’. औषध तरीही द्यावं लागेल, पण ‘नको म्हणतोयस, कळलं मला’ हे त्याला ऐकू आलं पाहिजे.

मुलाला बेडकाचं चित्र ओळखता आलं की पुस्तक शिकवून झालं, असं समजू नये. पावसाशी काही संबंध नसताना, झोपाळा थांबल्यावर किंवा वरणभात संपल्यावर, त्याने स्वतःहून ‘अजून’ शोधून काढलं, की पुस्तकाने काम केलं. मग दुसरं पुस्तक घ्यावं. विषय खुशाल बदलावा: गणपती, आठवडी बाजार, एसटीचा प्रवास. सहापैकी चार शब्द तेच ठेवावेत आणि दोन नवे घालावेत, म्हणजे ‘बघ’, ‘ये’, ‘अजून’, ‘नको’ यांच्या जोडीला ‘कुठे’ आणि ‘दे’. वर्षात अशी पाच-सहा पुस्तकं झाली तर मुलाकडे पंधराएक शब्द जमतात. आकडा लहान वाटतो, पण त्या पंधरा शब्दांत ते मूल मागू शकतं, नाकारू शकतं, विचारू शकतं, थांबवू शकतं आणि दुसऱ्याला आपल्याजवळ बोलावू शकतं.